माझी हाताने बनवलेली गिटार आणि माझ्या वाजवायच्या खोडी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कार्यक्रम संपून मी तारा पुसत असते तेव्हा कोणी ना कोणी येऊन उभं राहतं. आधी गिटारच्या डोक्याकडे बघतात, तिथे नाव दिसत नाही, मग माझ्याकडे बघतात. पुढचे प्रश्न आता मला पाठ झालेत, म्हणून उत्तरं इथे एकदाच लिहून ठेवते आहे. काही उत्तरं लांबली आहेत, त्याला इलाज नाही.

ही गिटार कुठल्या कंपनीची?

कुठल्याच नाही. एका कारागिराने एकट्याने बनवलेली आहे. साउंडहोलमधून, म्हणजे मधल्या गोल भोकातून, टॉर्च मारला तर आत पाठीच्या फळीवर पेन्सिलने ‘४१’ लिहिलेलं दिसतं, तेवढीच काय ती सही. ही त्यांची एक्केचाळिसावी गिटार. नाव-पत्ता देत नाही. त्यांच्याकडे पुढची काही वर्षं आधीच भरलेली आहेत, आणि फोनवर बोलणं हा त्यांच्या मते चांगलं लाकूड जाळण्याइतकाच मोठा गुन्हा आहे.

आकार कुठला? मापं सांगाल का?

आकार ओएम, म्हणजे ऑर्केस्ट्रा मॉडेल. सगळ्यात रुंद जागी ३८१ मिलिमीटर, खोली साधारण १०५. तारेची लांबी, म्हणजे नटपासून (डोक्याकडची पट्टी) सॅडलपर्यंतचं (अंगावरची पट्टी) अंतर, ६४५. नटपाशी मान ४५ मिलिमीटर रुंद. मान जिथे अंगाला मिळते तिथे चौदावा फ्रेट, म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी, येतो. वरची फळी स्प्रूसची, पाठ आणि बाजू शिसवीच्या, मान महोगनीची, बोटांखालची पट्टी आबनुसाची.

ओएम हा आकार अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने १९२९ साली आणला. त्याआधीच्या बहुतेक गिटारींची मान बाराव्या फ्रेटलाच अंगात शिरायची. आज दुकानात सगळीकडे दिसते ती जाडजूड ड्रेडनॉट त्याहून जुनी : १९१६ साली एका दुसऱ्या कंपनीसाठी बनली, आणि मार्टिनच्या स्वतःच्या नावाने १९३१ साली आली. नाव एका ब्रिटिश युद्धनौकेवरून ठेवलेलं आहे. गिटार मांडीवर घेऊन तासभर बसलं की हे नाव का ठेवलं ते उजव्या खांद्याला नीट कळतं. मी दहा वर्षं ड्रेडनॉट वाजवली. कॉर्ड झोडायला तिच्यासारखं वाद्य नाही, पण मी बोटांनी वाजवते, आणि तिच्या खर्जात माझ्या वरच्या तारा बुडून जायच्या.

हाताने बनवलेली म्हणजे यंत्र अजिबातच वापरलं नाही?

वापरलं की. फळ्या चिरायला त्यांच्याकडे बँडसॉ आहे, भोकं पाडायला ड्रिल आहे. हातोडी-पटाशीची पूजा करणारा माणूस नाही तो. फरक आहे तो निर्णय कुठे होतो त्याचा.

वरच्या फळीचंच बघा. स्प्रूसची एक जाड फळी मधोमध चिरून पुस्तकासारखी उघडतात आणि दोन्ही पानं मधल्या कडेला सांधतात, त्यामुळे लाकडाच्या रेघा दोन्हीकडे आरशासारख्या येतात. कारखान्यात अशा हजार फळ्या एकाच जाडीला उतरवतात. त्यात एक फळी कडक असते, एक मऊ असते, आणि सगळ्यात मऊ फळीसुद्धा उद्या पोटासारखी फुगून तक्रार येऊ नये म्हणून जाडी जरा जास्तच धरलेली असते. कडक फळीच्या नशिबी मग उगाचच जाडेपणा येतो.

माझ्या गिटारची फळी उतरवताना मी तिथेच स्टुलावर बसले होते. त्यांनी फळी एका वरच्या कोपऱ्याच्या जरा खाली दोन बोटांच्या चिमटीत धरली, कानाजवळ नेली आणि दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने मध्यावर टक्‌ केलं. पुठ्ठ्यावर वाजवावं तसा आवाज आला. रंध्याचे सातआठ हात मारले, पुन्हा टक्‌. मग फळी दोन्ही हातांत धरून अंगठ्यांनी वाकवून बघितली, आधी रेघांच्या दिशेने, मग आडवी. पुन्हा रंधा. असं चाळीसएक मिनिटं चाललं. शेवटी शेवटी त्या टकटकीत एक सूर ऐकू यायला लागला, आणि टक्‌ केल्यावर तो क्षणभर रेंगाळायचा. सतारवाले ज्याला आस म्हणतात, तिचं बाळरूप. मला वाटलं आता अजून थोडं केलं तर आणखी छान होईल. त्यांनी रंधा खाली ठेवला. “आता थांबायचं. इथून पुढे ती वाजेल छान, पण तारा लावल्या की टिकणार नाही.”

टिकण्याचा प्रश्न खरा आहे. माझ्या तारांची मिळून ओढ सत्तर किलोंच्या वर जाते, आणि ती पेलायची आहे मध्यावर २.८ मिलिमीटर जाडीच्या फळीने. त्यासाठी आतून पट्ट्या चिकटवलेल्या असतात, मुख्य दोन पट्ट्या फुलीसारख्या. ही फुली १८४० च्या दशकात अमेरिकेतल्या कारागिरांच्या हातून रुळली, त्यात जर्मनीतल्या सॅक्सनीहून १८३३ साली तिकडे गेलेले, मार्टिन कंपनीचे संस्थापक सी. एफ. मार्टिन होते. गंमत म्हणजे तेव्हा गिटारला आतड्याच्या तारा असायच्या, त्यांची ओढ कितीतरी कमी. पोलादी तारा पुढच्या शतकात रूढ झाल्या तेव्हा त्यांना पेलणारी मांडणी आधीपासून तयार होती.

हा आवाज शिसवीमुळे आहे ना?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि माझं उत्तर लोकांना आवडत नाही. थोडाफार असेल. मुख्यतः नाही.

आजच्या क्लासिकल गिटारला आकार देणारे आन्तोनियो दे तोरेस यांनी १८६२ साली एक गिटार बनवली, तिची वरची फळी स्प्रूसची आणि पाठ व बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या. गिटार बोलते ती वरच्या फळीमुळे, हे त्यांना दाखवायचं होतं. ती गिटार आजही बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहे. कोणी माझ्यासमोर अमुक लाकडात मध असतो आणि तमुक लाकडात धूर असतो असं सुरू केलं की मी लगद्याची गोष्ट सांगते.

वरची फळी कुठल्या लाकडाची याने फरक पडतो, पण तिथेही नावापेक्षा ती विशिष्ट फळी कशी निघाली आणि तिच्यावर रंधा कोणी चालवला याने जास्त पडतो. सेडरची फळी असलेली गिटार हलक्या हाताला लगेच बोलते, स्प्रूस जोर मागते आणि जोर दिला तर परतही देते, हे मला माझ्या हातांनी जाणवलेलं आहे. आणि हो, गिटारवाल्यांचं सेडर म्हणजे देवदार नव्हे. ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं वेगळंच झाड आहे. देवदार खरा सेडर, ते नावापुरतं.

शिसव घेतली ती दिसायला सुंदर आणि वाकवायला बरी म्हणून. गरम नळीवर बाजू वाकवताना तिचा गुलाबासारखा वास सुटतो, रोझवूड हे नाव त्यावरूनच. तो वास महिनाभर गिटारच्या पोटात होता.

शिसवीची गिटार घेऊन परदेशी जाता येतं का?

आता येतं. ब्राझिलियन रोझवूडवर साइट्स या दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराने १९९२ पासून सगळ्यात कडक निर्बंध घातलेले आहेत, ते आजही आहेत. २०१७ च्या जानेवारीपासून त्या कुळातली बाकीची लाकडंही कागदपत्रांत अडकली आणि वादकांची झोप उडाली. २०१९ च्या नोव्हेंबरअखेर तयार वाद्यांना सूट मिळाली, ब्राझिलियन सोडून. त्या मधल्या काळात मी परदेशातले कार्यक्रम दुसऱ्याची गिटार मागून केले. लाकूड कुठलं आहे ते लिहिलेलं बनवणाऱ्याचं पत्र अजूनही गिटारच्या केसमध्ये ठेवते.

विमानात कशी नेता?

टणक केस, डोक्याखाली मऊ कपड्याची घडी, तारा दोन सूर खाली. पूर्ण ढिल्या करत नाही. गिटार मोडते ती बहुतेकदा डोकं आणि मान यांच्या सांध्यावर, केस उभी असताना पडली की आतल्या आत झटका बसून. म्हणून डोकं हलता कामा नये, बाकी सगळं नशीब.

बनवून घेताना तुम्ही काय काय सांगितलं होतं?

मी वहीत दोन पानं भरून नेली होती. लाकडं, नक्षी, कुठल्या वादकासारखा आवाज हवा, सगळं. त्यांनी वही बाजूला ठेवली आणि म्हणाले, “तुम्ही रोज वाजवता ती गिटार आणली आहे ना? वाजवा.” मी अर्धा तास वाजवत होते, ते माझ्या हातांकडे बघत होते. नंतर गिटार हातात घेऊन खिडकीशी गेले आणि उजेडात तिरकी धरून फ्रेट बघायला लागले. पहिल्या पाच फ्रेटवर दुसऱ्या आणि तिसऱ्या तारेखाली (तारा सगळ्यात बारीक तारेपासून मोजतात) खड्डे पडले होते. दहाव्याच्या पुढचे फ्रेट नव्यासारखे चकचकीत.

“वर तुम्ही जातच नाही. मग कटअवे कशाला पाहिजे?”

मला राग आला होता. पण वहीत कटअवे, म्हणजे वरच्या फ्रेटपर्यंत हात जावा म्हणून अंगाला दिलेली खाच, लिहिला होता तो केवळ फोटोत छान दिसतो म्हणून. तो गेला. मान रुंद केली, कारण माझं मधलं बोट शेजारच्या तारेला घासतं हे त्यांनी पाहिलं होतं आणि मला वीस वर्षांत कळलं नव्हतं. मानेची पाठ एका बाजूला जरा जास्त भरीव ठेवली, माझा अंगठा जिथे टेकतो तिथे. लाकडाबद्दल ते शेवटी एकच वाक्य बोलले : “ते माझ्यावर सोडा.”

अकरा महिने लागले. त्यातला बराचसा वेळ लाकूड नुसतं पडून होतं.

मग हाताने बनवलेली गिटार कारखान्याच्या गिटारपेक्षा चांगलीच असते?

नाही. वाईट हातांनी बनवलेली गिटार वाईटच असते, आणि चांगल्या कारखान्याची गिटार वर्षानुवर्षं बिनतक्रार वाजते. वाजवायला लागून पाच वर्षंही झाली नसतील तर बनवून घेऊ नका. तुमच्या फ्रेटवर अजून खड्डे पडलेले नाहीत, कारागीर बघणार काय?

तारा कुठल्या लावता? किती दिवसांनी बदलता?

फॉस्फर ब्रॉन्झच्या, बारा-त्रेपन्नचा सेट. सेटचे हे आकडे म्हणजे पहिल्या आणि सहाव्या तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात. रोज वाजवत असेन तर तीनचार आठवड्यांनी बदलते. आवाज मेला हे कानाला कळायच्या आधी बोटाला कळतं : गुंडाळीच्या तारेवरून नख फिरवलं की फ्रेटच्या बरोबर वर खाचा लागतात.

कार्यक्रमाच्या दिवशी नव्या तारा कधीच लावत नाही. दोन दिवस आधी लावते, एकेक करून, सगळ्या एकदम उतरवत नाही. लावल्यावर प्रत्येक तार बाराव्या फ्रेटपाशी बोटाने हलकेच वर ओढते, उतरते, पुन्हा सुरात लावते, असं चारपाच वेळा. आणि सूर नेहमी खालून वर चढवत आणते. वरून खाली आणला तर खुंटीच्या दात्यांत ढील राहते आणि दोन मिनिटांत तार घसरते.

वाजवून झाल्यावर सुती फडक्याने पुसायच्या, खालच्या बाजूनेसुद्धा. दोन मिनिटांचं काम आहे. घामाने तारा जितक्या मरतात तितक्या वाजवून मरत नाहीत.

ट्यूनर सगळ्या तारा हिरव्या दाखवतो, तरी कॉर्ड बेसूर वाटते. गिटार खराब आहे का?

बहुधा तुमचा कान चांगला आहे.

गिटारचे फ्रेट सप्तकाचे बारा सारखे भाग करून ठोकलेले असतात. प्रत्येक भागाला शंभर सेंट म्हणायचं. मेजर कॉर्डमधला तिसरा सूर, म्हणजे षड्जाला लागणारा शुद्ध गंधार, ऐकायला गोड लागतो तो ३८६ सेंटवर. फ्रेट तुम्हाला देतो ४००. चौदा सेंट चढा. तानपुऱ्यावर कान तयार झालेल्या माणसाला तो खडा लागल्यासारखा वाटतोच.

मग माणूस काय करतो? ई मेजर धरतो (ई, जी ही पाश्चात्य स्वरांची नावं), तिसऱ्या तारेवरचा जी शार्प, म्हणजे तिचा गंधार, टोचतो म्हणून ती तार जरा उतरवतो. आता ई मेजर स्वर्गात गेली. पुढची कॉर्ड जी मेजर, आणि त्यात तीच तिसरी तार मोकळी वाजते, आता ती पडलेली. पुन्हा चढवतो. असे अर्धा अर्धा तास घालवणारे लोक मी पाहिलेत, त्यात एक मी.

पाचव्या आणि सातव्या फ्रेटवरचे हार्मोनिक्स (तार न दाबता नुसता स्पर्श करून काढलेले सूर) जुळवून सुरात लावायची पद्धत तर घात करते. ते हार्मोनिक्स निसर्गाचे असतात, बारा सारख्या भागांचे नसतात. शेजारच्या दोन तारांमधलं अंतर दर वेळी दोन सेंट कमी भरतं. सहावीपासून तिसरीपर्यंत तीन उड्या, म्हणजे तिसरी तार सहा सेंट खाली. दुसरी तार लोक सहाव्या तारेच्या सातव्या फ्रेटवरच्या हार्मोनिकशी मिळवतात, ती दोन सेंट वर जाते. आधीच ४०० असलेलं तिसरी-दुसरीमधलं अंतर ४०८ झालं. गोडव्यापासून आणखी लांब.

माझी पद्धत सोपी आहे. पहिली तार ट्यूनरवर लावायची. मग प्रत्येक तारेवर ई शोधून तो पहिल्या तारेशी मिळवायचा : दुसरीचा पाचवा फ्रेट, तिसरीचा नववा, चौथीचा दुसरा, पाचवीचा सातवा, सहावीचा बारावा. एकच सूर आणि त्याची सप्तकं, दुसरं काही जुळवायचंच नाही. चूक झाली तरी ती एका तारेवरून दुसरीवर साचत जात नाही.

एवढं करूनही खटकत असेल तर डाव्या हाताची पकड तपासा. फ्रेटवर तार गरजेपेक्षा जोरात दाबली की ताणली जाते आणि चढते. मी नवी असताना प्रत्येक कॉर्ड अशी आवळायचे की जणू गिटार पळून जाणार आहे.

नखांनी वाजवता की पिकने?

उजव्या हाताच्या नखांनी, पण नख आणि बोटाचं मांस दोन्ही तारेला लागतं. आधी मांस टेकतं, मग तार नखावरून घसरून सुटते. नुसत्या नखाचा आवाज काचेसारखा, नुसत्या मांसाचा लोकरीसारखा. स्पॅनिश गिटारवादक तार्रेगा उतारवयात नखं काढून वाजवायचे, म्हणजे एकच बरोबर रस्ता आहे असं नाही.

नखं बोटाच्या टोकापुढे जेमतेम दीड मिलिमीटर ठेवते. आधी कानस, मग बारीक पॉलिश पेपर, शेवटी जीन्सच्या कापडावर घासायचं. नखाच्या कडेला केसाएवढा खडबडीतपणा राहिला तरी गुंडाळीच्या तारेवर सर्र असा आवाज येतो. पोलादी तारा नखं खातात. एकदा कार्यक्रमाच्या सकाळी बाटलीचं झाकण उघडताना अनामिकेचं नख मुळापासून गेलं, आणि संध्याकाळी सगळं तीन बोटांवर बसवून वाजवलं. तेव्हापासून झाकणं दुसरे उघडतात.

रोज किती वेळ रियाज करता?

दीड तास, दोन तुकड्यांत. पहिली दहा मिनिटं काहीच ‘वाजवत’ नाही. मोकळ्या तारा, एकेक बोट, अतिशय सावकाश, आणि प्रत्येक सूर विरेपर्यंत ऐकायचा. पाहणाऱ्याला वाटतं ही झोपली आहे.

मेट्रोनोम अर्ध्या गतीवर लावते आणि त्याचा टिक दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर धरते. चारही मात्रांवर टिक असला की तो आपल्याला हात धरून नेतो. मधल्या मात्रा आपल्यालाच सांभाळायच्या असल्या की लय कुठे पळते ते उघडं पडतं. माझी लय डाव्या हाताच्या उडीआधी पळते. वीस वर्षं झाली, अजून पळते.

अडलेला तुकडा असेल तर अडलेल्या जागेच्या दोन मात्रा आधी सुरू करायचं आणि दोन मात्रा पुढे थांबायचं. सुरुवातीपासून पुन्हा पुन्हा वाजवलं की सुरुवातच फक्त पक्की होते.

तुमच्या वाईट खोडी कुठल्या?

करंगळी. वाजवताना ती फळीवर टेकून राहते. गुरुजनांनी रागावून झालं, मी हातावर रबर बांधून झालं. आता पहिल्या तारेच्या खाली, ब्रिजच्या (तारा अंगाला जिथे अडकवतात ती लाकडी पट्टी) जरा पुढे, पॉलिशवर अंगठ्याच्या नखाएवढा मंद डाग पडला आहे. पॉलिश चपडा लाखेचं, हाताने चढवलेलं, म्हणून पातळ आणि नाजूक. कारागिराने डाग पाहिला आणि म्हणाले, भरायचा नाही, नाहीतर तुमची करंगळी जागा शोधत फिरेल.

याशिवाय वाजवताना तोंडाने गुणगुणते, ते रेकॉर्डिंगमध्ये येतं. उभं राहून मला वाजवताच येत नाही.

कॅपो लावणं म्हणजे पळवाट नाही का?

नाही. कॅपो म्हणजे सगळ्या तारा एका फ्रेटपाशी दाबून धरणारा चिमटा. गाणाऱ्याचा गळा जिथे असेल तिथे जायचं आणि मोकळ्या तारांचा नादही ठेवायचा, तर दुसरा उपाय सांगा. फ्रेटला खेटून लावा, आणि लावल्यावर पुन्हा सूर तपासा.

वेगळ्या ट्यूनिंग वापरता का?

दोनच. एक सहावी तार डीवर उतरवलेली, दुसरी डी-ए-डी-जी-ए-डी. ही दुसरी १९६० च्या दशकात डेव्ही ग्रॅहम या इंग्रज गिटारवादकामुळे पसरली. तीत तिसरा सूरच बसवलेला नाही, त्यामुळे कॉर्ड मेजरही नसते आणि मायनरही नसते, आणि वर म्हणाल तो स्वर ठेवायला जागा मिळते. आलापासारखं काही वाजवायचं असलं की मी तिथेच जाते. आणखी ट्यूनिंग शिकण्याची हौस होती, पण दर वेळी नवीन ट्यूनिंगमध्ये मी त्याच जुन्या चार गोष्टी वाजवते हे लक्षात आलं.

तारा फ्रेटपासून किती उंच ठेवता? ट्रस रॉड स्वतः फिरवू का?

बाराव्या फ्रेटवर सहावी तार २.४ मिलिमीटर, पहिली १.८. मानेला सातव्या फ्रेटपाशी पाव मिलिमीटरचा बाक. ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतली सळई, तो बाक कमीजास्त करायला असतो, तारा खाली आणायला नव्हे. फिरवायचाच असेल तर पाव फेरा, मग एक दिवस थांबा. अडला तर जोर लावू नका.

स्टेजवर पिकअप वापरता की माइक?

जमेल तिथे माइक, बाराव्या फ्रेटसमोर हातभर अंतरावर. साउंडहोलसमोर कधीच नाही. गिटारच्या पोटातल्या हवेला स्वतःचा एक सूर असतो. माझ्या गिटारमध्ये तो सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटपाशी येतो, म्हणजे साधारण ९८ हर्ट्झ, आणि भोकासमोर माइक ठेवला की जी वाजवल्याबरोबर सभागृह घुमायला लागतं. एका मोठ्या सभागृहात ध्वनिव्यवस्था बघणाऱ्यांनी माझं न ऐकता माइक भोकासमोरच रोवला, वर सांगितलं की सगळे इथेच लावतात. पहिल्या गाण्याच्या पहिल्या जीला पुढच्या रांगेतल्या आजींनी कानांवर हात ठेवले. तो सबंध कार्यक्रम मी तिसऱ्या फ्रेटवर कॅपो लावून आणि सहाव्या तारेला हातही न लावता काढला.

गिटारला नाव ठेवलंय का?

नाही.

वाजवून बघू का?

बघा. अंगठी काढा, पट्ट्याचं बक्कल बाजूला फिरवा, आणि मला तुमच्या शेजारी बसू द्या.

वाजवून वाजवून गिटार मुरते, हे खरं का?

नवीन गिटारला तारांची ओढ अंगवळणी पडायला काही महिने लागतात, सांधे बसतात, आवाज थोडा सैल होतो. त्यापुढे जे मुरतं ते बहुतेक आपले हात. कुठे कसं छेडलं की काय मिळतं हे बोटांना कळायला लागतं, आणि आपण श्रेय लाकडाला देतो. झिजते मात्र नक्की. अमेरिकन गायक विली नेल्सन यांच्या गिटारला पिक घासून घासून दुसरं भोक पडलं आहे आणि ते अजून तीच वाजवतात.

फळीवर ती लांब रेघ कसली आहे?

तडा आहे. चूक माझीच.

लाकूड हवेतला दमटपणा पितं आणि सोडतं, आणि फुगतं-आकसतं ते मुख्यतः रेघांना आडवं. लांबीत फरक जवळजवळ पडत नाही. वरची फळी आडव्या पट्ट्यांना आणि कडेला चिकटवलेली असते, त्यामुळे आकसायला तिला मोकळीक नसते. हवा फारच कोरडी झाली की मग ती रेघेवर उलते. गिटारसाठी आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असावी, साधारणपणे त्याच हवेत ती बनवलेली असते.

मी ती तीन आठवडे एसी चालू असलेल्या खोलीत स्टँडवर उघडी ठेवली. दुसऱ्या आठवड्यात हात मानेवरून सरकवताना फ्रेटची टोकं बोचायला लागली. पट्टीचं लाकूड आकसलं होतं आणि धातू जिथल्या तिथे होता. तोच इशारा होता. मग तारा फ्रेटवर खरखरायला लागल्या, कारण फळी बसून ब्रिज खाली गेला होता. मी काय केलं? सॅडल उंच करावं का, असा विचार करत बसले. एका रात्री दुसऱ्या खोलीतून टणत्कार ऐकू आला, तार तुटावी तसा. सकाळी पाहिलं तर ब्रिजच्या मागून खालच्या कडेपर्यंत चीर, नख जाईल एवढी.

कारागिराकडे नेली. ते रागावले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. त्यांनी आधी काहीच केलं नाही, गिटार ओलसर स्पंज ठेवलेल्या बंद पेटीत दहा दिवस ठेवली. चीर आपोआप मिटत आली. मग पातळ गरम सरस चिरेत बोटाने दाबून भरला, आणि आतून साउंडहोलमध्ये कोपरापर्यंत हात घालून चिरेवर स्प्रूसचे चार छोटे चौकोनी तुकडे आडव्या रेघांचे चिकटवले, आत धरलेल्या आरशात बघत. गिटार आता केसमध्ये राहते, केसमध्ये आर्द्रता दाखवणारा छोटा काटा आहे, आणि सकाळी चहाआधी मी तो बघते. बंद गाडीत तर गिटार पाच मिनिटंसुद्धा ठेवत नाही. तिथल्या उष्णतेने सांध्यांचा चिकटाच मऊ पडतो.

दुरुस्तीनंतर आवाज बदलला का?

घरी आणून पहिली कॉर्ड वाजवली तेव्हा मला खात्री होती की बदलला, मधल्या तारा जरा दबल्या आहेत. आठवडाभर तसंच वाटत राहिलं. मग आधीचं एक रेकॉर्डिंग काढलं, तोच तुकडा त्याच खोलीत त्याच माइकवर पुन्हा वाजवून रेकॉर्ड केला, आणि बहिणीला सांगितलं की कुठला कुठला ते न सांगता उलटसुलट लावून दाखव. दहा वेळा ऐकलं. पाच वेळा बरोबर ओळखला.